मुंबईची तारीख

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी शस्त्रक्रियेसाठी मुंबईची तारीख घेतली आहे. रत्नागिरीत आपली माणसे आहेत, घरचा डबा वेळेवर येईल, हे सगळे मला मान्य आहे. परंतु उजव्या मूत्रपिंडातली गाठ मोठ्या नीलेत शिरून यकृताच्या मागेपर्यंत चढली आहे, आणि त्या मूत्रपिंडासकट ती काढताना ही नीला काही वेळ चिमट्याने बंद करावी लागते. तेव्हा पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते व रक्तदाब झपकन उतरतो. तो सावरणारे अनुभवी भूलतज्ज्ञ, पुरेसे रक्त आणि वेळ पडल्यास हृदयशल्यचिकित्सक हे सारे एकाच ठिकाणी मिळावे, एवढाच माझा हट्ट होता.

अण्णाकाकांनंतर आपल्या घरात भुलीचा विषय कोणी काढत नाही, म्हणून मी भूलतज्ज्ञ बाईंना खोदून खोदून विचारले. मनगटाची जागा बधिर करून तिथल्या रोहिणीत बारीक नळी घालतात आणि मगच झोपवतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसतो. तुम्ही झोपल्यावर अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी चालू राहते व गाठीचे टोक जागचे हलले तर लगेच दिसते. तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर धोका मोठा असतो, हे बाईंनी माझ्यापासून लपवले नाही, म्हणून मीही लपवत नाही. मात्र त्यांची सगळी तयारी त्याच क्षणासाठी असते.

जागे झाल्यावर घशात श्वासाची नळी असेल, बोलता येणार नाही, तरी घाबरू नका. माझे टॉन्सिल काढले तेव्हा तुम्ही उशाशी पाटी ठेवली होती, तशी मी ठेवीन.

आई, मुक्कामाच्या जागी लिफ्ट आहे, गॅस आहे, मऊ भात तुझ्याच हातचा होईल. तोवर त्यांच्या गुडघ्याच्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेव, कारण उरणाऱ्या एका मूत्रपिंडाला त्या झेपणार नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. विडी आजपासून बंद. त्या सकाळी दुधाचा चहा मिळणार नाही, साधे पाणी फक्त २ तास आधीपर्यंत. यावरून नर्सशी वाद घालायचा नाही, बाबा. कवळीची डबी, जुने सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत भरा व ती पिशवी गाडीत हातात ठेवा.

तुमची,
बेबी