शोस्ताकोविचची खोडी

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, हा माणूस आयुष्यात कधी हसला असेल असं वाटत नाही." रशियन संगीतकार शोस्ताकोविचची आठवी सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, ऐकून उठल्यावर कुणीही हेच म्हणेल. १९४३ सालची, तासाभराची, युद्धाने पोळलेली. आता नववी लाव. जेमतेम २५ मिनिटांची आहे.

१९४५ साल. जर्मनी हरलेली. बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीत गायकवृंद आहे, तेव्हा शोस्ताकोविचची नववीही तशीच भव्य असणार, विजयाचा आणि स्टालिनचा जयजयकार करणार, असं सगळे धरून चालले होते. तो स्वतःही तसं बोलला होता, लिहायला बसलाही होता. मग ते बाड बाजूला सारून ऑगस्टमध्ये त्याने भलतंच काही लिहून काढलं. ३ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये वाद्यवृंद-संचालक म्राविन्स्कीने ते सादर केलं, तर ना गायक, ना जयघोष!

पहिल्या भागात पिकोलो, म्हणजे चिमुकली बासरी, शीळ घातल्यासारखी एक उनाड धून वाजवते, आणि तिच्याआधी ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य दोनच सुरांची ललकारी देतो. पुढे तीच धून परत यायची वेळ होते, तेव्हा हा ट्रॉम्बोन पठ्ठ्या वेळेआधीच घुसतो. पुन्हा घुसतो. वरातीत एकच तुकडा पाठ असलेला बँडवाला असतो ना, तस्सा. शेवटी बाकीचे त्याच्यापुढे हात टेकतात आणि धून एकटं व्हायोलिन वाजवतं. तू व्हायोलिन शिकलीस, तुला ती जागा चटकन सापडेल.

यातली प्रत्येक थट्टा स्टालिनलाच उद्देशून होती, असं सांगणारे पुष्कळ आहेत. असेलही. पण मला दर सुरामागे गुप्तहेरासारखं लागायचा कंटाळा येतो. पहिल्या भागातला खट्याळपणा मला थेट हायडनच्या, त्या अठराव्या शतकातल्या थट्टेखोर संगीतकाराच्या, घरचा वाटतो.

चौथ्या भागाचं मात्र तसं नाही. ट्रॉम्बोन आणि त्याचा खर्जातला भाऊ ट्युबा धमकावल्यासारखे गरजतात, आणि मग बॅसून, हे खर्जातलं लाकडी फुंकवाद्य, एकटाच बोलू लागतो. एवढा एकाकी स्वर त्या जाडजूड वाद्यातून निघतो कसा, देव जाणे. आणि ते रडगाणं पुरतं संपायच्या आत तोच बॅसून, मध्ये न थांबता, एक मिश्कील चाल धरतो. तोच पाचवा भाग. डोळे पुसले की नाही, कळतसुद्धा नाही. म्हणून सांगतो, शेवटचे तीन भाग सलग ऐक, मध्ये मोबाइल उचलू नकोस.

सोव्हिएत सरकारला ही गंमत पचली नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये बंदी घातलेल्या कृतींच्या यादीत आठवी होती आणि नववीही. दुःख केलं तरी गुन्हा, हसला तरी गुन्हा! पुढच्या वर्षी त्याला न्यूयॉर्कला पाठवायचं ठरलं, तेव्हा कुठे ती बंदी उठली. दहावी सिम्फनी आली ती थेट १९५३ मध्ये, स्टालिन गेल्यावर.

अमेरिकन वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनने १९६६ मध्ये मुलांसाठीच्या कार्यक्रमात हीच नववी समजावून सांगितली होती. ते चित्रीकरण मिळालं तर बघ. माणूस वाजवतो छान आणि बोलतोही झकास.

आई विचारतेय, दिवाळीचं तिकीट काढलंस का?

तुझा,
बाबा