शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: शिक्षकांचा पदव्युत्तर अभ्यास त्यांच्या वर्गातून सुरू होऊ द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

नोकरीत असलेल्या शिक्षकांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा जागा किती, शुल्क किती आणि पदवीनंतर वेतनवाढ मिळणार का, इथेच अडते. वेतनवाढीला माझा विरोध नाही, मीही पगारावरच जगते. पण तो अभ्यास नेमका कशाचा असावा, यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

वर्गातला एक साधा प्रश्न घ्या. ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ५ पेक्षा ३५ मोठे. ही चूक शिक्षकांच्या ओळखीची आहे. पण ०.५ असं बरोबर उत्तर देणाऱ्यांतही काही जणांनी मनाशी भलताच नियम बांधलेला असतो: दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त, तितकी संख्या लहान. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, एवढंच त्यांनी धरून ठेवलेलं असतं. त्यांना ०.७ आणि ०.८६ द्या, ती बेधडक ०.७ मोठी म्हणतील. पहिल्या प्रश्नाला मात्र आपण त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे झालेलो असतो.

हे ओळखायला नुसतं गणित पुरत नाही, गणित मला येतंच. मूल आपले आपण नियम कसे बनवतं, हे मानसशास्त्राला विचारावं लागतं. दडलेला गैरसमज उघडा पडेल अशी प्रश्नांची जोडी लावणं हे मूल्यमापनाचं काम. आणि शंका विचारायला हात वर करणारी मुलं दरवर्षी साधारण एकाच थरातल्या घरांतून का येतात, याचं उत्तर समाजशास्त्राकडे आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची पद्धत यांच्या संगमावर खास शिक्षकाचं असं एक ज्ञान असतं: हा घटक मुलांना कुठे अडतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो, याचं. गणित विभागाला ते आपलं वाटत नाही, शिक्षणशास्त्र विभागाला ते झेपत नाही.

मग पदव्युत्तर अभ्यासक्रमात होतं काय, तर तत्त्वज्ञानाचा एक पेपर, मानसशास्त्राचा एक, समाजशास्त्राचा एक, संख्याशास्त्राचा एक. प्राध्यापक वेगळे, नोट्स वेगळ्या, आणि सगळ्यांची गाठ घालायची जबाबदारी दिवसभर शिकवून दमून आलेल्या विद्यार्थ्यावर. याला आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषयांना जोडणारा अभ्यास म्हणायचं असेल, तर शाळेचं वेळापत्रकही आंतरविद्याशाखीयच म्हणावं लागेल.

घोडं खरं पेंड खातं ते लघुप्रबंधापाशी. प्रश्नावल्यांचे गठ्ठे शाळाशाळांत फिरतात. मधल्या सुट्टीत शिक्षक एकमेकांचं बघून 'पूर्णतः सहमत'वर खुणा करतात. मग दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी लागते आणि 'सार्थ फरक आढळून येत नाही' असं वाक्य उमटतं. प्रबंध बांधला जातो, कपाटात जातो. ज्या वर्गात तो शिक्षक रोज उभा असतो, त्या वर्गाचा त्यात मागमूसही नसतो. वास्तविक मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी कृतिसंशोधनाची, म्हणजे प्रत्यक्ष कामात बदल करून पाहत संशोधन करण्याची, कल्पना १९४६ मध्येच मांडली होती आणि १९७५ मध्ये ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकानेच आपल्या वर्गाचा संशोधक व्हावं, असा आग्रह धरला. आपण कृतिसंशोधनाचीही फाईल करून टाकली, तो भाग वेगळा.

फिनलंडचं उदाहरण इतकं वापरून झालंय की द्यायला संकोच वाटतो. तिथे शिक्षकांचं शिक्षण १९७० च्या दशकात विद्यापीठांत गेलं आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकांनाही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. पण तिथला हा अभ्यास बहुतेक जण नोकरीआधी करतात. नोकरीतल्या शिक्षकाचं गणित उलटं आहे. त्याच्याकडे वेळ नसतो आणि प्रश्न मात्र ढीगभर असतात. म्हणून अभ्यासक्रमाची सुरुवात त्या प्रश्नांपासून करा. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाने आपल्या वर्गातला एक न सुटलेला प्रश्न लेखी द्यावा. दोन वेगवेगळ्या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून त्याला मार्गदर्शन करावं आणि लघुप्रबंध त्याच प्रश्नावर व्हावा. निष्कर्ष पाच-सहा मुलांपुरता निघाला तरी चालेल, पण ती मुलं त्याने स्वतः पाहिलेली असावीत.

वेळेचं मात्र स्पष्ट सांगते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या भरवशावर हा अभ्यास होत नाही, झाल्यासारखा दिसतो. आठवड्यातला अर्धा दिवस तासिकांतून मोकळा द्यावा, आणि त्या तासिकांसाठी बदली शिक्षकही द्यावा. नुसती सवलत दिली की भार सहकाऱ्यांवर पडतो आणि शिकायला गेलेला माणूस स्टाफरूममध्ये नकोसा होतो.

शिवाय, पहिली तुकडी निवडताना एका शाळेतून एकच शिक्षक घेऊ नका. दोघे-तिघे घ्या, तेही वेगवेगळ्या विषयांचे. भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकाला एकाच मुलाबद्दल बोलायला निमित्त मिळेल, आणि पदवी हातात आल्यावरही ते बोलणं शाळेत चालू राहील.

आपली,
एक कार्यरत शिक्षिका