हेडफोनच्या खोक्यावर जे छापत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्युझिक प्लेअर आणि हेडफोन यांच्या परीक्षणांत ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) किती मिलिमीटरचा आणि बॅटरी किती तास चालते, एवढे हमखास छापलेले असते. निवड ज्यावर करायची ते आकडे मात्र सापडत नाहीत. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' ही फ्रिक्वेन्सीच्या (कंपनसंख्येच्या) पट्ट्याची ओळ तर निव्वळ जागा भरायला असते. तेवढ्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे दिले नसेल, तर तिचा उपयोग शून्य.

पाहायचे ते इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला हेडफोनचा ओममध्ये मोजलेला विरोध, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर निघणारा आवाज. अर्धा व्होल्ट देणारा लहान प्लेअर ३२ ओमच्या हेडफोनला सुमारे ८ मिलिवॉट पुरवतो, ३०० ओमच्या हेडफोनला मात्र एक मिलिवॉटही पोचत नाही. म्हणून स्टुडिओतले भारी हेडफोन खिशातल्या प्लेअरला लावले की आवाज मरतूकडा येतो आणि दोष प्लेअरला दिला जातो. सेन्सिटिव्हिटीत आणखी एक खोच आहे. कुणी ती एका मिलिवॉटला किती डेसिबल अशी देतो, कुणी एका व्होल्टला. ३२ ओमच्या एकाच हेडफोनचा आकडा पहिल्या मापाने १०० असेल तर दुसऱ्या मापाने ११५ येतो. एकक न बघता तुलना केली की १५ डेसिबलची फसगत ठरलेली.

प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, म्हणजे १६ ओमच्या इअरफोनला २ ओमपर्यंत. एका कानात तीन-चार ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. अशा वेळी हे प्रमाण बिघडले, तर एरवी चांगला इअरफोनही कर्कश किंवा घुमा वाटतो.

पण या सगळ्याआधी कानात बसणारी रबरी टिप. ती सैल असेल तर बास गळतो, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. खोक्यातल्या सगळ्या मापांच्या टिपा लावून पाहाव्यात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकणे ठीक. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात.

आता बॅटरी. आवाज कमी ठेवा म्हणजे बॅटरी टिकेल, हा सल्ला वायरच्या हेडफोनपुरता जवळजवळ निरर्थक आहे. १०० डेसिबल प्रति मिलिवॉटच्या हेडफोनला ९० डेसिबलसाठी ०.१ मिलिवॉट पुरतो. बॅटरी खातात ते स्क्रीन, वायफाय, ब्लूटूथ आणि इक्वलायझर. १००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीवर '२० तास' लिहिले असेल, तर प्लेअर सरासरी ५० मिलिअँपिअर घेतो असे धरले आहे. म्हणजे बहुधा स्क्रीन बंद, वायरलेस बंद. रोजच्या वापरात तेवढे तास मिळणार नाहीत.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करा, हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला म्हणजे १०० टक्क्यांवर तासन्‌तास राहिला, त्यात उष्णताही असली, तर लवकर म्हातारा होतो. २० ते ८० टक्क्यांत ठेवणे बरे. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून थंड जागी ठेवावा. टक्केवारी अचानक ३० वरून ५ वर येत असेल, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करावा. त्याने मापक ताळ्यावर येतो, सेल सुधारत नाही. सेल फुगला, मागचे झाकण उचलले गेले, तर चार्जिंग तिथेच थांबवावे. दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये, ई-कचऱ्यात द्यावा.

एकच इअरबड लवकर उतरत असेल तर लगेच सेलला दोष देऊ नये. पुष्कळदा चार्जिंगच्या डबीतल्या (केसमधल्या) पिनांवर किंवा बडच्या धातूच्या ठिपक्यांवर मळ साचलेला असतो. बड केसमध्ये बसल्यासारखा दिसतो, पण चार्ज होत नाही आणि फोनशी जोडलेलाच राहतो. कोरड्या कापूसकाडीने पुसावे, चिकट असेल तर काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे. पिन खरवडू मात्र नये.

इअरबडमधला सेल बहुतेक वेळा ५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा. केस त्याला सतत पूर्ण भरून ठेवते, त्यामुळे तो झिजतोही लवकर. बहुतेक कंपन्या तो चिकटवूनच टाकतात, मग सेल गेला की ड्रायव्हर ठणठणीत असूनही बड भंगारात. तेव्हा आपल्या परीक्षकांनी तास छापताना ते कशा स्थितीत मोजले हे लिहावे आणि बॅटरी बदलता येते की नाही, हे प्रत्येक कंपनीला विचारून उत्तर छापावे.

आपला,
एक वाचक