विषय: न्यूट्रल म्हणून विकलेला डार्क ब्राऊन भिंतीवर लाल दिसतो, आणि तुमचे लोक म्हणतात माझी नजर तपासा

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय. आता लेखीच घ्या.

हॉलच्या मोठ्या भिंतीला तुमचा तो डार्क ब्राऊन रंग लावला, शेडकार्डवर "न्यूट्रल", म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकणारा, असा छापलेला, आणि बाकीच्या भिंतींना त्याच कार्डवर त्याच्या शेजारी तुम्हीच सुचवलेला पांढरा. संध्याकाळी पिवळे एलईडी लावले की ब्राऊन सरळ गडद लाल, मरून रंगाचा होतो. दिवसाही फार बरं नाही, कारण तो पांढरा निळसर आहे आणि निळसर पांढऱ्याशेजारी ब्राऊनमधला लाल-नारिंगी जास्तच उठून दिसतो. हे तुमच्या कलर टीमला माहीत नसेल असं मी मानायलाच तयार नाही. अशा ब्राऊनला किंचित पिवळसर ऑफव्हाइट लागतो, तो तुमच्याच रेंजमध्ये आहे, मग जोडी म्हणून हा कोणी आणि काय बघून छापला?

आणि कार्ड बघून घेतला म्हणून माझी चूक काढू नका. मी भिंतीवर मोठा पॅच मारून, सुकू देऊन, सकाळी आणि रात्री बघितला होता, तेव्हा रंग बरोबर होता. पॅच छोट्या सॅम्पल डब्यातला होता, भिंत मोठ्या डब्यांतली आहे. सुकलेला पॅच अजून कोपऱ्यात आहे, त्याच्या शेजारीच नवी भिंत: दिवसा दोन्ही जवळपास सारखे, दिवे लावले की पॅच मातकट ब्राऊन आणि भिंत लाल. म्हणजे दोन्हीकडे टिंटर, बेसमध्ये मिसळायचे ते रंग, वेगळे पडलेत. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात, रंगाच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे.

हेच मी फोनवर सांगत होते. तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, ब्राऊनमध्ये लाल असतोच." मी म्हटलं असतो, माहितीये, लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि काळा मिळूनच असे ब्राऊन होतात, पण मग न्यूट्रल का छापलं? तर म्हणे "न्यूट्रल म्हणजे कशावरही जातो." मी विचारलं, मग तुमच्याच पांढऱ्यावर का जात नाही? तेव्हा थोडा वेळ गप्प, मागे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज, आणि परत येऊन अगदी शांतपणे, "मॅडम, प्रत्येकाची नजर वेगळी असते, घरात दुसऱ्या कोणाला दाखवलंय का?" मी पॅच आणि भिंतीचे एकाच फ्रेममधले फोटो पाठवलेले आहेत, ते त्याने उघडलेलेच नव्हते! वर सल्ला काय, तर लाइट बदलून बघा. घरातले सगळे दिवे तुमच्या एका डब्यासाठी बदलायचे? फोन ठेवला आणि लगेच मेसेज, आमची सेवा कशी वाटली. उत्तर हे पत्र.

अजून एक. डीप बेसमध्ये, म्हणजे गडद शेड ज्यात बनवतात त्या मूळ रंगात, पांढरं पिगमेंट जवळपास नसतंच, भिंत झाकायचं सगळं काम टिंटरवर, त्यामुळे खालून ग्रे प्रायमर मारावा लागतो, हे तुमच्या डब्यावर कुठेच नाही. पेंटरने पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारले तरी रोलरचे पट्टे दिसत होते, तिसरा मारावा लागला, तो खर्च कोणाचा? कार्डवर अंडरटोन, म्हणजे आतली छटा, नाही, आणि रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा एलआरव्ही नाही. ० काळा आणि १०० पांढरा एवढा साधा आकडा आहे तो, तो छापला असता तर ही भिंत किती उजेड गिळणार हे आधीच कळलं असतं. हे सगळं सोडून छापलं काय तर न्यूट्रल.

वाईट याचं वाटतं की आमच्या घरात आजपर्यंत तुमच्याशिवाय दुसरा रंग आला नाही. मी आईलाही तुमचाच घ्यायला लावला होता.

मला फोन नकोय. तुमचा टेक्निकल माणूस संध्याकाळी, दिवे लावल्यावर घरी पाठवा, डब्यांवरचे टिंटिंगचे स्टिकर मी जपून ठेवलेत ते त्याने सॅम्पलच्या फॉर्म्युल्याशी ताडून बघावेत, आणि ब्राऊन व पांढरा दोन्ही बदलून मजुरीसकट भिंती नीट करून द्याव्यात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हेच फोटो आणि हेच स्टिकर घेऊन ग्राहक आयोगात जाईन.