भैरप्पा थोडे बडोद्याचेही होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांवरचा तुमच्या रविवारच्या पानातला लेख वाचला. पद्मभूषण, सरस्वती सन्मान सगळं आलंय, पण त्यांनी पीएच.डी. आपल्या इथल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीतनं केली, सत्य आणि सौंदर्य या विषयावर, शिवाय इथनं जवळच वल्लभ विद्यानगरला शिकवतही होते, याची एक ओळ नाही! बडोद्यात वाचल्या जाणाऱ्या पेपरात तरी यायला हवं होतं की नाही?

दुसरं म्हणजे अर्धा लेख त्यांच्या 'आवरण' कादंबरीच्या वादातच गेला. ते पुस्तक २००७ चं, त्याआधी चाळीसहून जास्त वर्षं माणूस कादंबऱ्या लिहीत होता, त्यांचं काय? 'गृहभंग' (१९७०) घ्या. नायिका नंजम्मा, तिचा नवरा चेन्निगराय गावचा शानभोग, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी, पण हिशेबाच्या नावाने शून्य, येतं फक्त खायला, आणि दफ्तर लिहायचं नंजम्माने, पोरं सांभाळून, वर त्या कजाग सासूच्या शिव्या खात. मग प्लेग येतो. भैरप्पांची स्वतःची आई नि भावंडं प्लेगनेच गेलेली, तरी लिहिताना कुठे गळा काढलेला नाही. आमची आई पुस्तकांवर फार बोलायची नाही, पण जेवताना कोणी तिसऱ्यांदा भात मागितला की म्हणायची, "आले चेन्निगराय!"

त्यांच्या 'मंद्र' कादंबरीवरनं तर आमच्याकडे भांडणं झालीत. मावशी इथल्या म्युझिक कॉलेजात शिकलेली, त्यातल्या गवई मोहनलालचे रंग बघून पुस्तक मिटून ठेवायची, असली माणसं आपण कशाला वाचायची म्हणे, आणि गाण्याचं वर्णन आठवलं की परत मागायची.

आणि अनुवादक उमा कुलकर्णींचं नाव लेखात नाही हे मला सगळ्यात खटकलं. 'वंशवृक्ष', 'पर्व' आपण मराठी माणसांनी वाचलं ते त्यांच्यामुळे, आम्हाला कुठे कन्नड येतंय. 'पर्व' म्हणजे महाभारतच, पण त्यातले चमत्कार सगळे काढून टाकलेत, देव नाहीत, वरदान नाही, नुसती थकलेली माणसं आणि युद्ध, आणि ते मराठीत कुठे अडखळत नाही.

मी जाते त्या वाचनालयात 'पर्व'ची एकच प्रत आहे, बांधणी सुटलेली, मधली पानं गायब. नवीन मागवा म्हटलं तर म्हणतात कोणी मागत नाही. मी तीनदा मागितलीय.

आपली,
एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, बडोदा