पत्रे उभे राहण्याआधी कंपन्यांना बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामवाडी ते वाघोली मेट्रोला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. वनाझ ते चांदणी चौक हा तुकडा धरून हे काम १२.७५ किलोमीटर आणि १३ स्थानकांचे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात खराडी, हडपसर, स्वारगेट, खडकवासला या मार्गालाही मान्यता मिळाली. म्हणजे नगर रस्ता, खराडी आणि हडपसर या पट्ट्यात पुढची काही वर्षे रस्त्याच्या मधोमध कामाच्या कुंपणाचे पत्रे लागणार, खांब उठणार, रात्री गर्डर चढणार. मेट्रो हवीच आहे, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पण त्या काळात ऑफिसला जाणाऱ्यांनी यायचे-जायचे कसे, हे आजवर फक्त वाहतूक पोलीस आणि ठेकेदार यांच्यावर सोडले गेले. यावेळी तसे होऊ नये म्हणून हे पत्र.

मी अकरा वर्षे हिंजवडीतल्या एका कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर काम केले. आता खराडीत तेच काम करते. कोण कुठे राहतो, त्याला किती वाजता घ्यायचे, कोणती बस किती रिकामी धावते, कोणाचा ड्रॉप चुकला हे दिवसभर बघणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते रोजच्या रोस्टरमधून शिकलेले आहे.

विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल हिंजवडी मेट्रोच्या कामासाठी जुलै २०२० मध्ये पाडले, ते पुणेकरांना आठवत असेल. एरवी त्या चौकात एक लेन बंद झाली तरी रांग थेट औंधपर्यंत जायची. पण तेव्हा अख्खे पूल पाडले आणि फारशी ओरड झाली नाही, कारण ऑफिसे बंद होती आणि हिंजवडीचे लोक घरून काम करत होते. खरी कोंडी सुरू झाली ती कंपन्यांनी माणसे परत बोलावली तेव्हा. रस्ता तेवढाच होता, पत्रे तेच होते. बदलले होते ते कंपन्यांचे हाजरीचे नियम. हे पुण्याने स्वतः अनुभवले आहे, आणि तरीही पुढच्या कामांच्या तयारीत कंपन्यांना कोणी धरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याच मेट्रोच्या कामाने रस्ता अरुंद झाला तेव्हा आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातून एक मेल गेली : ‘रस्त्यावर काम सुरू आहे, कृपया घरातून लवकर निघा.’ सगळ्यांनी ती मनावर घेतली आणि अर्धा तास आधी निघाले. कोंडीही अर्धा तास आधी सुरू झाली. साडेनऊच्या आत कार्ड स्वाइप झाले नाही तर लेट मार्क, हा नियम मात्र तसाच राहिला. मी सकाळी गेटवर उभी असायची. आत येणाऱ्या मोटारींपैकी बहुतेकींत स्टिअरिंगवर बसलेला एकटाच माणूस, बाजूची आणि मागची सीट मोकळी. त्याच वेळी आमची कोथरूडहून येणारी ३२ सीटची बस आठ-नऊ माणसे घेऊन त्यांच्याच मागे अडकलेली असायची. एवढ्या कमी माणसांसाठी बस परवडत नाही म्हणून ती बंद करायचा विचार वरच्या मजल्यावर सुरू झाला होता.

ती बंद होण्याआधी मी कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या लोकांशी एकेकट्याने बोलले. बस आवडत नाही असे कोणीच म्हणाले नाही. बहुतेकांचे उत्तर एकच होते : बस साडेसहाला सुटते, मीटिंग लांबली तर मी घरी कशी जाऊ? एकीचे मूल पाळणाघरात, तिथून दुपारी फोन आला तर? एकाच्या वडिलांचे डायलिसिस. म्हणजे ही माणसे वर्षातून चार-पाच वेळा येणाऱ्या अडचणीसाठी रोज गाडी काढत होती. आम्ही तेवढी एकच गोष्ट बदलली. जो सकाळी कंपनीच्या बसने आला, त्याला काही कारणाने वेळेआधी किंवा उशिरा जावे लागले तर कंपनीच्या खर्चाने कॅब. कारण विचारायचे नाही, साहेबांची सही लागणार नाही, डेस्कला फोन केला की पुरे. लोक याचा गैरफायदा घेतील अशी अकाउंट्सला भीती होती. तसे झाले नाही. महिन्याला मोजक्याच कॅब गेल्या आणि तीन महिन्यांत त्या बसला उभ्याने येणारे लोक दिसू लागले. घरी पोचण्याची हमी मिळाली की माणूस गाडी घरी ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पार्किंगबद्दल लिहायलाच हवे. कंपनी इमारतीतल्या प्रत्येक पार्किंगच्या जागेचे भाडे भरते आणि ती जागा गाडी आणणाऱ्याला फुकट देते. बसने येणाऱ्याच्या पगारातून मात्र बसचे पैसे कापते. याचा अर्थ एकट्याने गाडी आणणाऱ्याला बक्षीस आणि रस्ता मोकळा ठेवणाऱ्याला दंड. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये यावर कायदा केला. पार्किंगची जागा भाड्याने घेऊन कर्मचाऱ्यांना फुकट देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी, ज्याला ती जागा नको असेल त्याला तेवढी रक्कम रोख द्यावी, असा तो कायदा. डोनल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलेले दिसले. त्यासाठी एकही नवा रस्ता बांधावा लागला नव्हता. आपल्याकडे असा कायदा नाही, पण खराडीतल्या कंपनीला हे स्वतःहून करायला कोणी अडवलेले नाही. काम चालू असेपर्यंतच करून पाहा, असे मी आमच्या साहेबांनाही सांगितले आहे.

अमेरिकेतलेच सिअ‍ॅटल शहर या बाबतीत मला फार जवळचे वाटते. तिथे समुद्रकाठचा जुना उन्नत रस्ता ११ जानेवारी २०१९ ला कायमचा बंद झाला. दिवसाला सुमारे ९० हजार वाहने त्यावरून जात. बदली बोगदा ४ फेब्रुवारीला उघडला, म्हणजे मधले तीन आठवडे ना रस्ता, ना बोगदा. तारीख आधीपासून ठाऊक होती आणि शहराने कंपन्यांना घरून काम, वेळांत बदल, एका गाडीत तिघे-चौघे यासाठी तयार ठेवले होते. ज्या महाकोंडीची भीती होती ती बहुतांशी झालीच नाही. सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे १९९१ पासून कायदा आहे : एका ठिकाणी सकाळी कामावर येणारे शंभर किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कर्मचारी असतील, तर त्यांच्या एकेकट्या फेऱ्या कमी करण्याची योजना कंपनीनेच करायची. आपल्याकडेही कंपन्यांना हे जमणार नाही असे नाही. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांना घरापर्यंत वाहन देणे बंधनकारक आहे, म्हणून मोठ्या कंपन्यांत रूट आखणारी माणसे, व्हेंडर, जीपीएस, सगळे आधीच आहे. तीच यंत्रणा दिवसा निम्म्याहून जास्त रिकामी बसते.

अडचण छोट्या कंपन्यांची आहे. खराडीत एकेका इमारतीत वीस-चाळीस-साठ माणसांची कितीतरी ऑफिसे आहेत. त्यांच्याकडे डेस्क नाही, बस घेण्याइतकी माणसे नाहीत. पण एका इमारतीतली सगळी ऑफिसे एकत्र केली तर चार बस सहज भरतील. हे एकत्र करायला कोणीतरी बाहेरचे लागते, आणि इथेच मला महामेट्रो, पुणे महापालिका आणि वाहतूक पोलीस यांच्याकडून मदत हवी आहे. इमारतींच्या मेंटेनन्स ऑफिसात जाऊन बसणारा, पिनकोडवार यादी करणारा एक माणूस द्या. रामवाडीपर्यंत मेट्रो ६ मार्च २०२४ पासून धावते आहे. कोथरूडचा माणूस वनाझला बसून गाडी न बदलता रामवाडीला येऊ शकतो. तिथून खराडीपर्यंतचे थोडके अंतर राहते, आणि नेमके तेवढ्यासाठी तो घरून मोटार काढतो. कंपन्यांनी वर्गणी काढून रामवाडीहून दर दहा मिनिटांनी शटल चालवली तर काम चालू असतानाही लोक मेट्रोकडे वळतील. मात्र त्या शटलला स्टेशनखाली थांबायला जागा द्या. आज कंपनीची बस दोन मिनिटे उभी राहिली तरी ड्रायव्हरला चलन येते.

दुसरी मागणी वेळापत्रकाची. कोणत्या आठवड्यात कोणती लेन, कोणता यू-टर्न बंद होणार, हे आम्हाला तीन महिने आधी कळू द्या आणि त्यात बदल झाला तर आठवडाभर आधी. हिंजवडीत मला कित्येकदा बस वळणावर पोचल्यावर ड्रायव्हरच्या फोनवरून कळायचे की वळणच बंद आहे. ज्या दिवशी मोठा गर्डर चढणार किंवा चौक वळवणार, तो दिवस आधी माहीत असेल तर कंपनी त्या दिवशी निम्म्या लोकांना घरून काम देऊ शकते. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठीही २०२२ मध्ये नियमांत तशी तरतूद झाली होती.

एकाच सोसायटीतले चौघे एकाच इमारतीत कामाला येतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत, हे मी रोज बघते. आम्ही फक्त सोसायटीनुसार यादी लावली, महिलांसाठी वेगळी, आणि ज्यांची इच्छा त्यांचीच नावे. जोड्या आपोआप जुळल्या. पांढऱ्या पाटीच्या गाडीत तेव्हा भाडे घेता येत नव्हते, म्हणून आम्ही पाळी ठेवली : सोमवारी तुझी गाडी, मंगळवारी माझी.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. घरून काम, बदललेली वेळ, कॅब हे सगळे आम्ही कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांसाठी मागतो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी वाघोलीहून येतात. त्या आधीपासूनच बसने येतात, शेवटचा तुकडा चिखलातून चालतात. त्यांच्यापायी रस्त्यावर एक गाडीही वाढलेली नाही. पण पत्र्यांमुळे बस अडकली आणि वीस मिनिटे उशीर झाला की ठेकेदार त्यांचा अर्धा दिवस कापतो. मागे एका मावशींचे महिन्यात तीन अर्धे दिवस गेले. कंपनीने आपल्या ठेकेदाराला एक ओळ लिहिली असती तर ते थांबले असते. काम सुरू असेपर्यंत सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांना सकाळची अर्ध्या तासाची सूट मिळावी आणि कंपनीच्या बसमध्ये त्यांना बसू द्यावे, हे प्रत्येक कंपनीने आपल्या ठेक्यात लिहून घ्यावे. आमच्या बसमध्ये त्यांना जागा मिळावी म्हणून मी दोन वर्षे भांडले आणि शेवटी ती मिळाली.

नगर रस्त्यावर वाघोलीपर्यंत पत्रे लागण्याआधी महामेट्रोने खराडी-विमाननगर भागातल्या कंपन्यांची आणि इमारतींच्या व्यवस्थापकांची एक बैठक बोलवावी, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करते. हिंजवडीतल्या अनुभवावरून केलेला रूटचा तक्ता, कॅबच्या हमीचा एक पानी नियम आणि सोसायटीवार यादीचा नमुना माझ्याकडे तयार आहे. ज्या कंपनीला हवा असेल तिला मी देईन. बैठकीचा दिवस कळला तर त्या दिवशी रजा टाकून येईन.

आपली नियमित वाचक,
खराडी, पुणे
(नोकरीमुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)