निम्म्या मालकास पत्र

सातारा,
१५ जून २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

होळीनंतर तुला पत्र नाही, आणि तुझे दोन फोनही मी ‘जरा गडबडीत आहे’ असे सांगून आटोपते घेतले. त्यावरून मी काहीतरी लपवतो आहे हे तू ओळखले असशीलच. तर आता सांगतो. मी आपली जिप्सी उचलली, म्हणजे जमिनीपासून उंच केली. घरी, अंगणात, मे महिन्यातल्या तीन शनिवार-रविवारी, पुढून आणि मागून जवळजवळ दोन इंच, आणि वर टायरही मोठे घातले. तुला विचारले नाही. तुझी बदली झाली तेव्हा तुझ्या वाट्याचे पैसे मी दिवाळीपर्यंत देणार होतो, पण कोणत्या दिवाळीपर्यंत हे आपण दोघांनीही मोघम ठेवल्यामुळे निम्मी गाडी अजून तुझीच आहे, आणि निम्म्या मालकाची संमती नाही म्हणून निम्मीच गाडी उचलून देण्याची सोय स्प्रिंगांचे पाटे करणाऱ्या पाटेवाल्याकडे नव्हती.

घरी सर्व ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी साखर काठावर आहे. आईला आता गाडीत चढायला खाली लाकडी पाट ठेवावा लागतो, आणि ‘गाडीला पाटे, मला पाट’ असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

हे सगळे सुरू झाले ते मागच्या पावसाळ्यात. शेताकडच्या वाटेवर ट्रॅक्टरने इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत, की मधल्या उंचवट्यावर मागच्या दोन चाकांमधला, त्यांना जोर वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा दोनदा घासला आणि दुसऱ्या वेळी खालच्या प्लगमधून तेल ठिबकू लागले. तेव्हाच मनात आले, की गाडी उचलायची. नान्याच्या टपरीवर तू वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून मला जे समजावत होतास, ते त्या वेळी मला आठवले नाही असे नाही. आठवले, आणि मी ते बाजूला सारले. लिफ्ट केल्याने बॉडी वर जाते, चासी म्हणजे खालचा सांगाडा वर जातो, पण जिप्सीचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाके जोडणारे आडवे दांडे, अखंड असल्यामुळे गोळा जिथे आहे तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर. हे तू म्हणालास आणि मी दोन तास वाद घातला. आता हिशेब केला आहे. मूळचा २०५/७० आर १५ टायर ६६८ मिलिमीटर व्यासाचा. मी घातलेला २१५/७५ आर १५ साडेसातशेच्या जवळही नाही, ७०३ मिलिमीटर. फरकाचा निम्मा वाटा गोळ्याच्या वाट्याला येतो, म्हणजे १८ मिलिमीटर. तीन आठवडे अंगणात लोळून, कोपरे सोलून आणि वैशालीचा अबोला पत्करून मी गोळा एका बोटाच्या जाडीइतका वर नेला. आता हसून घे.

२३५/७५ घालण्याचा मोह झाला होता, पण मूळची साडेपाच इंची रिम त्याला अरुंद पडते आणि रिमचा खर्च झेपणारा नव्हता. लिफ्टचा उपयोग एवढाच, की मोठा टायर खड्ड्यात वर दबला तरी मडगार्डला घासू नये आणि चढ सुरू होताना पुढची नाकाडी जमिनीत रुतू नये. पाटे ॲक्सलखालून काढून वर बसवले तर गाडी एकदम पाचेक इंच उठते हे मलाही माहीत आहे. परंतु त्यासाठी ॲक्सलवर नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टेअरिंगची मांडणी बदलावी लागते, आणि ते काम अंगणातले नव्हे. म्हणून चारही पाट्यांना पाटेवाल्याकडून कमान चढवून घेतली, प्रत्येकात एक जादा पाटा घातला, लांब शॉकअप आणले आणि पुढे मूळच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या, लावल्या. शॅकल दोन इंच वाढवली तरी गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचे दुसरे टोक चासीला जागच्या जागी खिळलेले असते. हे मला आधी ठाऊक होते, असे मी पाटेवाल्याला सांगितले.

तुझे सगळे नियम पाळले. जॅकवर विसंबलो नाही, चासी लोखंडी घोड्यांवर घेतली, काढलेली चाके आडवी करून चासीखाली सरकवली. पाटे ॲक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट सोडवण्याच्या भरीस न पडता ग्राइंडरने कापले आणि नवे आणले. पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले, नाही तर रबरी बुश पिळून फाटतात. ॲक्सल लोंबकळता ठेवून ब्रेकचे होज ताणले जातात का तेही पाहिले. मागचा ताणला जात होता, तो बदलला.

चूक झाली ती पाचरीत. पुढची शॅकल लांब झाली की ॲक्सल किंचित पुढे कलंडतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हँडलवरचा हात काढला तरी चाक सरळ राहते. तोच तिरकेपणा इथे कमी होतो आणि गाडी रस्ता शोधू लागते. त्यावर उपाय म्हणून ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालतात. एका व्हिडिओत पाहिले होते की पाचरीची जाड बाजू मागे ठेवावी, म्हणून मी ती मागे ठेवली. पहिल्याच फेरीला वैशाली शेजारी होती. यवतेश्वराच्या घाटात वळण संपले तरी स्टेअरिंग परत येईना, हाताने आणावे लागे. आणि हायवेवर काटा ६० वर गेला तेव्हा गाडी नवशिक्याच्या सायकलीसारखी डावी-उजवी करू लागली. वैशालीने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि ‘सुधीरभाऊजींना हे ठाऊक आहे का?’ एवढेच विचारले. ३० च्या वेगाने घरी आलो.

रात्री झोप लागेना म्हणून बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो आणि तिथे पाठीवर पडल्यापडल्या उलगडा झाला. व्हिडिओतल्या गाडीचा पाटा ॲक्सलच्या वर होता. आपल्या जिप्सीचा खाली आहे. पाटा वर असेल तर पाचर ॲक्सलला खाली ढकलते, पाटा खाली असेल तर वर. म्हणजे आपल्याकडे जाड बाजू पुढे हवी. शॅकलने बिघडवलेले मी पाचरीने दुप्पट बिघडवले होते. इतकी वर्षे त्या गाडीखाली लोळलेल्या माणसाला हे कळू नये! दुसऱ्या दिवशी पाचरी फिरवल्या, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात नीट बसले की नाही ते बोटाने चाचपून पाहिले, आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. स्टेअरिंग परत येते. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना डावा टायर पाट्याला घासत होता, तो, चाक किती वळावे हे ठरवणारा स्टॉपचा बोल्ट दोन फेरे बाहेर काढून थांबवला. आता फाटकातून वळताना एक हेलपाटा जास्त पडतो. टायर जड असल्यामुळे घाटात जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा आपण ६३ ने जात असतो.

म्हणजे काम झाले असे कोणीही म्हणेल. मला तसे म्हणवत नाही, आणि हे पत्र खरे तर त्यासाठी आहे.

चार पाटे, प्रत्येकाला दोन यू-बोल्ट, प्रत्येक यू-बोल्टला दोन नट, म्हणजे सोळा नट. त्या सोळा नटांनी गाडीचे ॲक्सल धरून ठेवले आहेत. नवे पाटे बसताना दबतात, म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत हे तूच शिकवलेस. मी शंभरनंतर आवळले, दोनशेनंतर आवळले, परवा शेजारच्या गल्लीतही न जाता आवळले. प्रत्येक नटावर आणि बोल्टच्या आट्यांवर मिळून वैशालीच्या गुलाबी नेलपॉलिशची एक रेघ ओढली आहे, म्हणजे नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटावी. रोज रात्री जेवण झाले की मी बॅटरी घेऊन खाली जातो आणि सोळा रेघा मोजतो. मागच्या उजव्या बाजूच्या आतल्या नटापर्यंत पोहोचायला डोके सायलेन्सरच्या नळीखालून घालावे लागते. तिथली रेघ जराशी जाड आली आहे, त्यामुळे ती तुटली की मुळातच वाकडी आहे हे ठरवताना रोज माझी पाच मिनिटे जातात. सगळ्या रेघा जागेवर असतात. पण सुधीर, नट आवळतानाच कमी आवळला असेल, तर रेघ काय सांगणार? ठरलेला जोर बसला की ‘टक’ करणारा टॉर्क रेंच उसना आणला होता, त्याने ‘टक’ही म्हटले. तरी ते ‘टक’ मला पुरत नाही.

याचे कारण तुलाच कळेल. मी आवळायचो, आणि तू काही न बोलता त्याच पान्याने प्रत्येक नटावर पुन्हा जोर लावून पाहायचास. मला त्याचा किती राग यायचा हे तुला माहीत आहे. त्यावरून आपण एकदा आठवडाभर बोललो नव्हतो, आणि बापूंनी मध्ये पडून दोघांनाही शिव्या घातल्या होत्या. आणि बामणोलीच्या वाटेवर जे झाले, त्या दिवशी डावे मागचे चाक कोणी आवळले होते, यावर आपण जे भांडलो ते अजून मिटलेले नाही. आज लेखी देतो: ते चाक माझ्याकडे होते. तू त्या दिवशी तपासले नाहीस, कारण आदल्या रात्रीच मी तुला बोललो होतो की माझ्या मागे फिरू नकोस. मला हे तेव्हाही माहीत होते. चाकाचे तीन नट वाटेत पडले आणि उरलेल्यांवर आपण घरी आलो, तेव्हा मी ‘तुझीच बाजू होती’ असे इतक्या ठामपणे म्हणालो, की पुढे पुढे मलाही ते खरे वाटू लागले.

आता चिऊ ऑगस्टमध्ये अठराची होईल आणि तिला शिकायचे आहे ते जिप्सीवरच. तीन आठवडे तिने बॅटरी धरली, पाने हातात दिले, पाचरीची बाजू उलटी आहे अशी शंकाही पहिल्यांदा तिनेच काढली होती आणि मी तिला गप्प केले होते. हा स्वभाव कुठून आला ते तू सांगू नकोस. तिला किल्ली देताना हात पुढे होत नाही.

दुसरी एक काळजी आहे, पण ती पहिलीच्या मानाने किरकोळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले आहे. गाडी २००३ ची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे २०२८ ला पुन्हा पासिंग. विमावाल्यांना अपघातानंतर हे दिसले तर ते काय म्हणतील, ते मी त्यांना विचारलेले नाही आणि यातच माझे उत्तर आले. मूळच्या शॅकल ग्रीस लावून गोणपाटात बांधून पोटमाळ्यावर ठेवल्या आहेत. जुने टायरही आहेत. कमान चढवलेले पाटे मात्र पुन्हा खाली बसवून घ्यावे लागतील. तू म्हणालास तर सगळे परत मूळच्यासारखे करीन; निम्मा अधिकार तुझा आहे.

निखिलच्या प्रवेशाचे काय झाले? वहिनींची शाळा सुरू झाली असेल. घराचा स्लॅब पडला का? पडला म्हणजे चांगल्या अर्थाने.

एक काम कर. पावसाळ्यात ताडोब्याचे कोअर, म्हणजे आतले जंगल, बंद झाले की मोहर्लीकडचे सफारीचे चालक जरा मोकळे असतील. त्यांच्या जिप्सी रोज त्या वाटा तुडवतात. त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याला विचार, की नवे पाटे घातल्यावर यू-बोल्ट ते किती वेळा आवळतात आणि केव्हा थांबतात. माझा विषय काढू नकोस. आणि गणपतीत येशील तेव्हा, बदलीच्या वेळी आपल्या पान्यांच्या संचातून जो एक रिंग पाना तुझ्या सामानात ‘चुकून’ गेला, तो घेऊन ये. नट सोळाच आहेत, अर्ध्या तासाचे काम आहे. मी अंगणातच असेन, पण तुझ्या मागे फिरणार नाही. चिऊचे लायसन्सही तोवर थांबेल, असे मी तिला सांगून टाकले आहे आणि तिने दोन दिवस माझ्याशी बोलणे बंद केले आहे.

तुझा,
दिलीप